मधले सहा फूट

बोट घ्यायची, यावर घरात एकमत होतं. गाडं अडलं ते सहा फुटांवर.

एक बोट १८ फुटांची. उघडी, पुढे नाळेत, म्हणजे बोटीच्या नाकाकडच्या भागात, बसायला बाकं, मध्ये सुकाणू, मागे बाहेरून अडकवलेलं एकच, म्हणजे आउटबोर्ड, इंजिन. दुसरी २४ फुटांची. पुढच्या भागात दोघांना आडवं होता येईल एवढी केबिन, एक लहानसं टॉयलेट, वर कापडी छत. नवऱ्याचं मन मोठीवर बसलं होतं, माझं लहानीवर. मुलगा आणि मुलगी रोज पक्ष बदलत होते. सासूबाईंना पोहता येत नाही, पण पाण्यावर जायची हौस घरात त्यांनाच सगळ्यांत जास्त. त्या आमचं दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मला कुणाचा हात न धरता चढता-उतरता आलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बोलणं सगळं फुटांचं चालायचं, पण त्याआड ठरत होतं ते वेगळंच: पाण्यावर गेल्यावर आमच्यापैकी कुणाच्या हातात काम असणार आणि कोण नुसतं बसून राहणार. हे मला फार उशिरा नाही, पण दोन्ही बोटींत बसून पाहिल्यावरच कळलं. त्याआधी आम्ही आकडे मांडत होतो, आणि आकडेही मांडायला हवेतच.

१८ आणि २४ यांत लांबीचा फरक एक तृतीयांशाचा. पण बोट लांबीला वाढते तेव्हा रुंदीला आणि उंचीलाही वाढते. तिन्ही बाजूंनी एक तृतीयांश वाढ झाली, तर आकारमान जवळजवळ २.४ पट होतं. प्रत्यक्षातल्या बोटीही या गणिताच्या आसपासच असतात. अशी १८ फुटी उघडी बोट इंजिनासकट साधारण १,१०० किलोंच्या घरात, आणि केबिनवाली २४ फुटी २,४०० किलोंच्या आसपास. पुढचं सगळं लांबीच्या नाही, या वजनाच्या मागे जातं. इंजिन किती ताकदीचं, ट्रेलर कसा, तो ओढायला गाडी कोणती, नांगर किती जड, दोर किती जाड.

इंधनाचंही तसंच. पेट्रोलवर चालणारं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात दर १०० हॉर्सपॉवरमागे तासाला अंदाजे ३८ लिटर पितं. लहान बोटीला ११५ हॉर्सपॉवर पुरते, म्हणजे ४० ते ४५ लिटर. मोठीला २५० लागते, म्हणजे ९० ते ९५. सतत पूर्ण वेगात कुणी जात नाही. आरामाच्या वेगात हा खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, पण दोघींमधलं प्रमाण तेच राहतं. त्यात जुन्या लोकांचा एक नियम आहे, तो मी पाळते: टाकीतलं एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता. मोठ्या बोटीत ते हात न लावायचं एक तृतीयांशसुद्धा नुसतं भरून ठेवायला जड जातं.

पण वजनाचा हिशोब मला खर्चापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटला. आम्ही पाच जण, पिशव्या, पाणी, सगळं धरून ३०० किलो होतो. २,४०० किलोंच्या बोटीला हे आठवा हिस्सा. आम्ही कुठे बसलो, उठलो, सगळे एका बाजूला जाऊन पाण्यात वाकून बघू लागलो, तरी ती फारशी मनावर घेत नाही. १,१०० किलोंच्या बोटीला मात्र हेच ३०० किलो चौथ्या हिश्श्याहून जास्त. तिथे प्रत्येक माणूस हा बोटीच्या तोलाचा भाग असतो.

लहान बोट चालवून पाहायला गेलो तेव्हा सुकाणू माझ्याकडे होतं. मुलगी नाळेतल्या बाकावर, मुलगा माझ्या शेजारी, बाकीचे मागे. वेग वाढवला की बोट आधी नाक वर करते, मग पाणी कापणं सोडून पाण्यावरून धावायला लागते. बोटवाले म्हणतात, प्लेनवर आली. ती सहज आली. मग थांबलो, आणि पुन्हा निघालो तेव्हा मुलगी उठून मागे आजीपाशी जाऊन बसली होती. या वेळी नाक एवढं वर गेलं की क्षणभर मला समोरचं पाणीच दिसेना, आणि बोट प्लेनवर यायला चांगलीच रेंगाळली. मुलीने ते माझ्याआधी हेरलं. "आई, मी पुढे बसले की ही लवकर पळते," ती म्हणाली, आणि न सांगता पुढे जाऊन बसली. मी इंजिनाचा ट्रिम, म्हणजे पंख्याचा कोन, थोडा आत घेतला. दोघींनी मिळून बोट सरळ केली. त्यानंतर ती परत येईपर्यंत तिथेच, एका कडीला धरून, पुढच्या लाटा मोजल्यासारखी बघत बसली होती.

मोठ्या बोटीच्या फेरीत हीच मुलगी आणि तिचा भाऊ पहिल्यांदा केबिन बघून हरखले, आत शिरले, गादीवर लोळले आणि आतच राहिले. ते खूश होते. मला ते खटकलं असं नाही, पण माझ्या डोक्यात ते राहिलं.

आता नवऱ्याची बाजू. ती भक्कम आहे आणि मला ती नीट मांडायची आहे, कारण पाण्यावर माणसं आवडीनिवडीमुळे नाही, लाटांमुळे अडचणीत येतात.

वारा सुटला की बंदिस्त पाण्यात, तळ्यात किंवा खाडीत, आखूड आणि उभ्या लाटा उठतात. अशा लाटांमध्ये दोन शिखरं एकामागून एक दोन सेकंदांनी येत असतील, तर खोल पाण्यात त्यांच्यातलं अंतर सुमारे ६ मीटर असतं. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. ही बोट एका शिखरावरून उतरते आणि तिचं नाक दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात जातं, दर लाटेला, न चुकता. २४ फूट म्हणजे ७.३ मीटर. ती एका शिखरावर टेकलेली असतानाच दुसऱ्यावर पोचलेली असते. त्याच पाण्यात एकीवर बसलेल्यांची हाडं खिळखिळी होतात आणि दुसरीवर गप्पा चालू राहतात. हे सहा फूट दिखाव्याचे नाहीत.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर बनवणाऱ्याची एक पाटी असते आणि तिच्यावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. सी म्हणजे वाऱ्याचा जोर ० ते १२ असा सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापाप्रमाणे ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा यांचा विचार करून बनवलेली. डी म्हणजे ४ पर्यंतचा वारा आणि ०.३ मीटरच्या लाटा, अधूनमधून एखादी अर्ध्या मीटरची. बी मध्ये ८ चा वारा, ४ मीटर. यात एक मेख आहे. लाटेची ही उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. सगळ्यांत उंच लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. म्हणजे २ मीटर लिहिलेलं वाचून कुणी समाधानाने मान हलवत असेल, तर त्याने ४ मीटरचं पाणी डोळ्यांसमोर आणावं. त्याच पाटीवर किती माणसं न्यायची तेही लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा शांत पाण्यासाठी एक आकडा, त्याहून अवघड पाण्यासाठी कमी आकडा. बाकांवर किती जण मावतात याचा त्याच्याशी संबंध नाही. पाहुणे आले की हा आकडाच पहिल्यांदा विसरला जातो.

नवरा हे सगळं वाचून आला होता. "आपण निघू तेव्हा पाणी शांत असेल," तो म्हणाला, "मला परत येतानाची काळजी आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण याला उत्तर नसतंच. दुपारनंतर वारा वाढणं ही पाण्यावरची रोजची गोष्ट. घर मागे राहिलेलं असतं, मुलं दमलेली असतात, आणि समोरून लाटा येत असतात.

फक्त एक गोष्ट मी त्याच्या बाजूला जोडली, आणि तिने चित्र जरा बदललं. लाटेतली वागणूक नुसत्या लांबीवर ठरत नाही, तळाच्या आकारावरही ठरते. १९५० च्या दशकापर्यंत वेगवान बोटींचे तळ मागच्या भागात जवळजवळ सपाट असायचे, कारण सपाट तळ पाण्यावर लवकर उचलला जातो. रे हंट या अमेरिकन आरेखकाने नाळेखालचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा धारदार आकार थेट मागच्या टोकापर्यंत नेला, सुमारे २४ अंशांच्या उताराने. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत खवळलेल्या समुद्रातून त्याने आखलेली 'मॉपी' ही ३० फुटी बोट पहिली आली, आणि तेव्हापासून हा खोल व्हीचा तळ जगभर गेला. तो लाटेवर आपटत नाही, लाट चिरतो. किंमत अशी की उभी असताना अशी बोट जास्त डुलते आणि तिला ताकद जास्त लागते. आम्ही बघत असलेल्या १८ फुटीचा तळ चांगला खोल होता आणि २४ फुटीचा त्या मानाने उथळ, आत जागा जास्त मिळावी म्हणून. सहा फुटांचा फायदा त्यामुळे संपत नाही, पण कमी होतो. बोट पाहायला जाणाऱ्या कुणालाही माझं सांगणं आहे: गाद्या आणि कप ठेवायच्या खोबणी नंतर बघा. आधी ट्रेलरच्या मागे जाऊन खाली वाका, तळ बघा.

केबिनबद्दल थोडक्यात. लहान मूल दुपारी झोपायला हवं, उन्हातून बाजूला व्हायला हवं, आणि टॉयलेट हवं. यातलं शेवटचं कुणी उघड बोलत नाही, पण फेरी किती लांब होणार हे घराघरांत त्यावरच ठरतं. उघड्या बोटीत छत लावता येतं, पोर्टेबल टॉयलेट आणि त्याभोवती पडदा ठेवता येतो. केबिनची सर त्याला येत नाही, हे मान्य. पण ज्याला बोट लागते त्याला केबिनमध्ये पाठवणं हा उपाय नाही, उलट त्रास वाढतो. उघड्यावर बसून क्षितिजाकडे बघणं हेच बरं. आणि केबिन किंवा चारी बाजूंनी बंद केलेलं छत असलं की एक जोखीम वाढते, ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. बोट सावकाश चालत असताना मागून वारा असेल, किंवा छताचा मागचा भाग उघडा आणि पुढचा बंद असेल, तर इंजिनाचा धूर उलटा आत ओढला जातो. आत झोपलेलं मूल गुंगीत गेलं की साध्या झोपेत आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. केबिन घेणाऱ्याने त्या वायूचा अलार्म पहिल्या दिवशी लावावा. आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणीही बसायचं नाही, उघड्या बोटीतही नाही.

मग धक्क्याला लागणं. बोट चालवणं म्हणजे मोकळ्या पाण्यात सुकाणू धरणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वाऱ्यात बोट धक्क्याला लावून बघावी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा (नॉट हे समुद्रावर वेग मोजायचं एकक) वारा २० झाला की रेटा चौपट. २४ फुटीच्या उंच बाजू आणि वरचं छत हा सगळा रेटा अंगावर घेतात, आणि सावकाश चालणाऱ्या बोटीला सुकाणूची पकड कमी असते. ती आडवी सरकायला लागली की अडीच टन वजन हाताने थोपवता येत नाही, आणि थोपवायला जाऊही नये. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीच घालायचा नसतो. एकाने सुकाणूवर राहायचं, एकाने पुढचा दोर घेऊन तयार, एकाने मागे फेंडर, म्हणजे धक्का बसू नये म्हणून मध्ये धरायची फुगीर उशी, धरून. म्हणजे मोठी बोट बाहेर काढायची तर आम्ही दोघंही मोकळे हवेत. लहान बोट मला मुलीला घेऊन काढता येते, नवऱ्याला मुलाला घेऊन. आमच्या घरात दोघंही एकाच वेळी मोकळे असण्याचा योग किती येतो, ते ज्यांच्या घरी शाळेतली मुलं आणि वयस्क माणसं आहेत त्यांना सांगायला नको.

इथे मला ओले आणि बेस एव्हिनरूड या अमेरिकन दांपत्याची आठवण येते. ओले एव्हिनरूड १९०६ च्या उन्हाळ्यात बेससाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला, परत येईपर्यंत ते वितळलं, आणि होडीला मागून अडकवायच्या इंजिनाची कल्पना त्याला तिथे सुचली, अशी गोष्ट सांगतात. असं इंजिन बनवणारा तो पहिलाच नव्हता. पण १९०९ मध्ये त्याने विकायला काढलेलं दीड हॉर्सपॉवरचं, २८ किलोंच्या आसपासचं इंजिन एका माणसाला उचलून होडीला लावता येत होतं, आणि ते घराघरांत गेलं. कारखान्याचा व्यवहार आणि पत्रव्यवहार बेस बघायची. घरगुती मोटरबोटीचा जन्मच मुळी असा आहे: एकट्याला हाताळता येईल एवढी ताकद, आणि कामात दोघंही. ११५ हॉर्सपॉवरचं आजचं इंजिन १७० किलोंच्या आसपास भरतं, ते कुणी उचलत नाही. पण बोट निवडताना मी हाच प्रश्न विचारते: घरातल्या किती जणांना ही एकट्याने सांभाळता येईल?

आणि एकट्याने सांभाळता येणं ही चैन नाही. समजा नवराच पाण्यात पडला. सुकाणूवर असलेल्याने पडलेल्या बाजूकडे चाक फिरवायचं, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून लांब जातो. लगेच गिअर न्यूट्रल. मग वळसा घेऊन सावकाश जवळ जायचं आणि माणूस बाजूला आला की इंजिन बंद. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवलेला लाल पट्टा सुटला की इंजिन आपोआप थांबतं, म्हणून तो पट्टा न लावता किल्ली फिरवायची नाही. हे सगळं मुलीला करता आलं पाहिजे, मलाही. लहान बोटीत ती हे शिकेल, कारण बोट तिला गप्प बसू देणार नाही. मोठीत आम्ही दोघं करत राहू आणि ती चांगली प्रवासी होईल.

माणूस परत वर घ्यायचा म्हटलं की सासूबाईंचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पाण्यापासून बोटीच्या काठापर्यंतची उंची मोठ्या बोटीत जास्त. धक्क्यावरून चढताना ती कधी सोयीची पडते, कारण उंच धक्क्याशी काठ बरोबरीत येतो. पाण्यातून चढताना मात्र तीच भिंत होते. ओले कपडे आणि थकलेले हात घेऊन कुणीही तो काठ चढू शकत नाही. शिडी लागते, आणि ती पाण्यात असलेल्याला स्वतः खाली ओढता यायला हवी. आम्ही पाहिलेल्या मोठ्या बोटीवर शिडी होती, पण तिचा खटका आतून उघडत होता. लहानीवर ती इंजिनाच्या शेजारी, पाण्यातून हात पोचेल अशी. सासूबाईंनी काठ, पायरी, धरायची कडी, सगळं हाताने चाचपून पाहिलं. लहानीच्या काठावर मधोमध एक पायरी आणि तिच्या वर एक कडी बसवून द्या, एवढीच त्यांची मागणी. लाइफ जॅकेट मात्र त्यांनी दुकानातच घालून बघायचं ठरवलं आहे. कमरेचा आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा आवळून, खांद्यांना धरून वर ओढून बघायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्यांच्या मापाचं नाही. मुलांचंही असंच.

आमचं पाणी मोकळ्या समुद्राचं असतं, दोन किनाऱ्यांमध्ये तासन्‌तास जमीन लांब राहणार असती, तर मी एका शब्दानेही वाद घातला नसता. तिथे २४ फूट, आणि ती नाही परवडली तर बोटच नको. पण आम्हाला जायचंय ते आडोशाच्या पाण्यात, जिथून कुठल्याही बाजूला वळलं तरी लवकर काठ गाठता येतो. तिथे १८ फूट पुरतात, एका अटीवर: निघायचं की नाही हे अंदाज बघून ठरवायचं, आणि पाटीवरचा वारा ही आपली मर्यादा धरायची नाही. आपली मर्यादा तिच्या बरीच अलीकडे. नवऱ्याने ही अट स्वतः लिहून काढली, वाऱ्याच्या आकड्यासकट, आणि मला मान्य आहे. वर्षातून एखादी लांबची फेरी करायची झाली, चार पाहुणे न्यायचे झाले, तर त्या दिवसापुरती मोठी बोट भाड्याने घेऊ आणि तिच्याबरोबर चालवणाराही.

इंजिन अजून ठरायचं आहे. ९० हॉर्सपॉवर स्वस्त आणि हलकं, पण पाच जण बसल्यावर ते सतत जोर लावत राहील आणि बोट प्लेनवर आणताना नाक जास्त वेळ वर राहील, म्हणजे समोरचं न दिसण्याचा वेळ वाढणार. माझं मत ११५ चं. त्या तळाला १५० पर्यंत परवानगी आहे, पण तेवढं घेऊन मागचं वजन वाढवायचं नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत आहे. मुलीचं म्हणणं, दोन्ही लावून बघितल्याशिवाय ठरवू नका, आणि या खेपेला पुढे कोण बसेल तेही आधी सांगा.